ट्युनिसची लढाई (इ.स.पू. २५५)

ट्युनिसची लढाई ही पहिल्या प्युनिक युद्धातील एक महत्त्वाची लढाई होती. ती इ.स.पू. २५५ मध्ये रोमन प्रजासत्ताक आणि कार्थेज यांच्यात सध्याच्या ट्युनिसिया देशात झाली. तिला बगराडास नदीची लढाई असेही म्हणतात. तीत रोमन सेनापती मार्कस अटिलियस रेग्युलस याचा पराभव झाला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याचा ग्रंथ हे या लढाईच्या माहितीचे प्रमुख साधन आहे.

पार्श्वभूमी

इ.स.पू. २५६ मध्ये एक्नोमसच्या सागरी युद्धात विजय मिळवून रोमन सैन्य आफ्रिकेत उतरले. सिनेटने बहुतेक आरमार परत बोलावले आणि रेग्युलसजवळ १५,००० पायदळ व ५०० घोडेस्वार ठेवले. अडिस येथे कार्थेजच्या सेनानींनी डोंगराळ भागात तळ दिला. तेथे त्यांचे हत्ती व घोडदळ निरुपयोगी ठरले आणि त्यांचा पराभव झाला. रेग्युलसने ट्युनिस घेतले व तहासाठी अत्यंत कठोर अटी घातल्या. निर्वासितांची गर्दी आणि अन्नटंचाई असूनही कार्थेजने त्या फेटाळल्या.

याच सुमारास ग्रीसमधून आलेल्या भाडोत्री सैनिकांत झांथिपस हा स्पार्टन योद्धा होता. पराभवास सैनिक नव्हे, तर सेनानींचे अज्ञान कारणीभूत आहे, असे मत त्याने मांडले. सैन्याची सूत्रे त्याच्याकडे सोपवण्यात आली.

लढाई

झांथिपसने लढाईसाठी सपाट मैदान निवडले. त्याच्याजवळ १२,००० पायदळ, ४,००० घोडदळ आणि सुमारे १०० हत्ती होते. हत्तींची रांग पुढे, पायदळ मागे आणि घोडदळ दोन्ही बगलांवर होते. हत्तींना तोंड देण्यासाठी रोमनांनी आपल्या तुकड्यांची खोली वाढवली; मात्र त्यामुळे आघाडीची रुंदी घटली व बगला उघड्या पडल्या.

कार्थेजच्या घोडदळाने रोमन घोडेस्वारांना पिटाळले. रोमनांच्या डाव्या बाजूने समोरच्या भाडोत्री सैनिकांना मागे रेटले. परंतु मध्यभागी हत्तींनी अनेकांना चिरडले. त्यांतून पुढे गेलेल्यांना ताज्या दमाचे पायदळ भिडले, तर घोडदळाने मागून हल्ला केला. सुमारे २,००० रोमन सैनिक निसटून आस्पिसला पोहोचले. रेग्युलस व सुमारे ५०० जण कैद झाले, बाकीचे मारले गेले. कार्थेजचे सुमारे ८०० भाडोत्री सैनिक पडले.

परिणाम

रोमची आफ्रिका मोहीम संपुष्टात आली. वाचलेल्यांना आणणाऱ्या रोमन आरमाराची बहुतेक जहाजे सिसिलीजवळच्या वादळात बुडाली. हत्तींच्या धास्तीने रोमन सैन्य पुढे काही काळ सिसिलीत सपाट प्रदेशातील लढाई टाळत राहिले. युद्ध इ.स.पू. २४१ पर्यंत चालले आणि अखेर रोमचा विजय झाला. कैदेत रेग्युलसचा छळ झाल्याची कथा प्रसिद्ध आहे. मात्र पॉलिबियस तिचा उल्लेख करत नाही आणि अनेक आधुनिक इतिहासकार ती दंतकथा मानतात.