नाव आणि लक्षण: एकदांडी व गाजरगवत

वर्णनपर लेखनात वस्तूचे नाव म्हणजे तिचे लक्षण नव्हे, हे ध्यानी ठेवावे लागते. भंडारा जिल्ह्यातील अभ्यासकाला याचे उदाहरण धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरच सापडेल. सूर्यफुलाच्या कुलातील दोन परदेशी तणे तेथे शेजारी शेजारी वाढलेली दिसतात: एकदांडी आणि गाजरगवत. दोहोंचे मूळ उष्ण अमेरिकेत. दोहोंची शास्त्रीय नावे लिनिअसच्या १७५३ सालच्या ग्रंथातील. साम्य येथे बहुतांशी संपते. एकदांडीचा पाला चोळून जखमेवर लावण्याची रीत आहे, तर गाजरगवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेचा दाह होतो आणि परागांमुळे दमाही बळावतो. तेव्हा येथे चुकीच्या ओळखीची किंमत शरीराला मोजावी लागते.

'गाजरगवत' हा मध्यमपदलोपी समास. ही वनस्पती गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. केवळ तिची खोल चिरलेली पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात. 'एकदांडी' हा बहुव्रीही. पण दांडी कोणती? झाडाला खोडे तर अनेक असतात. ती जमिनीलगत पसरतात, पेरांपाशी मुळे धरतात आणि म्हणूनच हे तण वर्षानुवर्षे टिकते. दांडी म्हणजे फुलाचा वीतभर उंच, केसाळ देठ. त्याच्या टोकाला एकच फूल, किंबहुना अनेक पुष्पकांचे एक स्तबक: मध्यभाग पिवळा, कडेला सुमारे पाच फिकट पिवळसर पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. पाने समोरासमोर, जाडसर, दंतुर काठांची. बी वाऱ्यावर उडते ते पिसासारख्या केसांच्या झुबक्यामुळे.

गाजरगवत वर्षायू, उभे, कधी छातीइतके वाढणारे. त्याची पाने एकाआड एक आणि इवलीशी पांढरी स्तबके फांदीफांदीवर असंख्य. मात्र कोवळेपणी त्याची पाने जमिनीवर चक्राकार पसरतात. त्या वेळी 'जमिनीलगतची ती एकदांडी' ही खूण फसवते. अशा वेळी पानच पाहावे. चिरलेले असेल, तर हात लावू नये.

सराव: दोन्ही वनस्पती जागेवरच, दुरून न्याहाळा आणि कोणतेही नाव न वापरता प्रत्येकीचे पाच वाक्यांत वर्णन लिहा. ते वाचून सहाध्यायाला वनस्पती ओळखता येते का, ते पाहा.