पट्टी आणि पहारा

बीड जिल्ह्यात कलेवर पैसा खर्च कोण करतं, याचा शोध घ्यायचा तर दोन ठिकाणी जावं लागतं. एक, शहरातलं नगरपालिकेचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. दुसरं, कुठल्याही गावातला मारुतीचा पार. तिथे चार-सहा जण वही घेऊन बसलेले असतात आणि यंदा सप्ताहासाठी घरटी पट्टी किती बसवायची यावर हुज्जत चाललेली असते. पहिल्या ठिकाणाबद्दल वर्तमानपत्रांत भरपूर येतं. गळकं छत, बंद एसी, मोडक्या खुर्च्या, निधी मंजूर, निधी परत, हे सगळं महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपालिकेच्या नाट्यगृहाबद्दल डोळे मिटून लिहिता येईल. दुसऱ्या ठिकाणाला मात्र कलेच्या खात्यात कुणी धरत नाही. अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे धर्माचं काम, असं म्हणून आपण पुढे जातो.

धर्माचं काम आहेच. पण जरा हिशेब मांडून बघा. पहाटे चारला काकडा. मग ज्ञानेश्वरीचं पारायण, म्हणजे सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत वाटून, व्यासपीठावरच्या माणसामागे सगळ्यांनी एका आवाजात म्हणायच्या. दुपारी गाथ्यावरचं भजन किंवा भागवत कथा, संध्याकाळी हरिपाठ, प्रवचन, रात्री कीर्तन, कीर्तनानंतर हरिजागर. रोज नवा कीर्तनकार, आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. गायनाचार्य, मृदंगाचार्य, पेटीवाला, चोपदार, मागे दोन रांगांत उभे टाळकरी. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात आठवडाभर रोज इतके तास जिवंत संगीत, तेही तिकिटाशिवाय. सरकारी सांस्कृतिक महोत्सव एवढं देत नाहीत आणि एवढ्या आत, खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या गावात, तर येतच नाहीत.

याला अखंड म्हणतात ते विण्यामुळे. सप्ताह बसला की विणा खाली टेकवायचा नाही, रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात पाहिजे. दोन-दोन तासांचे पहारे लावले तर दिवसाचे 12 होतात आणि सात दिवसांत 84. ही नावं मंडपाच्या खांबावर चिकटवलेली असतात. दिवसाच्या पहाऱ्यांना माणसं सहज मिळतात. खरी परीक्षा रात्री दोन ते चारची. मंडपात तेव्हा एखादा बल्ब, सतरंजीवर घोरणारी पाच-सहा पोरं आणि मधे एकटा विणेकरी, हळू आवाजात नाम घेत उभा. चारला पुढचा माणूस तोंडावर पाणी मारून येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वयाचा प्रश्न नसतो. विणा एका गळ्यातून थेट दुसऱ्या गळ्यात जातो. या पहाऱ्यांच्या यादीत सरपंच असतो, शाळेतला मास्तर असतो, पुण्याहून रजा काढून आलेला कंपनीतला पोरगा असतो. वर्गणी पैशाने देता येते, पहारा मात्र स्वतःच उभं राहून द्यावा लागतो. म्हणूनच सप्ताहात प्रेक्षक आणि कलावंत अशी सरळ फाळणी करता येत नाही. सकाळी पारायणाला बसलेली बाई दुपारी पोळ्या लाटते आणि रात्री कीर्तनात पहिल्या रांगेत असते.

मृदंगाचं तर थेट स्वयंपाकघराशी नातं. उजव्या पुडीवर शाई कायमची असते, डाव्या बाजूला, म्हणजे धुमेला, कणीक ऐन वेळी लावायची. कीर्तनाच्या आधी वादक भटारखान्यात पोरगं पाठवून पंगतीच्या परातीतला कणकेचा गोळा मागवून घेतो. पाण्याचा हात लावून तो धुमेवर दाबतो, अंगठ्याने कडा पसरवतो, थाप मारून बघतो. आवाज चढा वाटला तर आणखी चिमूटभर, बसका वाटला तर थोडी काढायची. मग हातोडीने गठ्ठे ठोकत उजवी बाजू सुरात आणायची. तोवर गायनाचार्य पेटीवर सूर धरून डोळे मिटून बसलेले असतात. कीर्तन संपलं की वाळायच्या आत ती कणीक खरवडून काढायची.

हे वादक, गायक, कीर्तनकार येतात कुठून? बरेचसे आळंदीहून शिकून. विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथला चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि भोवती पुढे निघालेल्या लहानमोठ्या संस्था, यांत बीडच्या कोरडवाहू गावांतली पोरं मोठ्या संख्येने जातात. यातही जिल्ह्याचा हिशेब दिसतो. एका पोराला शेती, एकाला ऊसतोडीचा कोयता, एकाला आळंदी, अशी वाटणी झालेली घरं पाटोदा-शिरूरच्या डोंगरपट्ट्यात पुष्कळ सापडतील. आळंदीला शिकलेल्यांत या भागाने सगळ्यात जास्त डोक्यावर घेतलेलं नाव भगवानबाबांचं. जन्म 1896 चा, पाटोदा तालुक्यातल्या सुपे सावरगावचा. आधी नारायणगडाच्या मठात, मग सीमेपलीकडे पाथर्डी तालुक्यातल्या भगवानगडावर. त्यांनी फिरता नारळी सप्ताह रुजवला. तो एका जागी बसत नाही, दर वर्षी गाव वेगळं. नारायणगड, गहिनीनाथगड, भगवानगड, तिन्ही गडांचे नारळी सप्ताह आजही असेच फिरतात. पुढच्या सप्ताहाचा नारळ घेतलेल्या गावाला वर्षभर दुसरं काम सुचत नाही. शेत साफ करून मंडपाला जागा, पाण्याचे टँकर, गाड्या लावायला रान, आणि आसपासच्या गावांतून ट्रॅक्टरने येणाऱ्या भाकरींचं नियोजन. अमुक गावाने अमुक दिवशी इतक्या भाकरी द्यायच्या, असं ठरलेलं असतं. आमटी कढईत एकाच ठिकाणी शिजते, भाकरी मात्र शेकडो चुलींवरून येते.

या सप्ताहांच्या तारखाही नुसत्या पंचांगाने ठरत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातली लाखो माणसं उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. कारखान्यांचे पट्टे मार्च-एप्रिलमध्ये पडतात, म्हणजे हंगाम संपतो, गाड्या परत येतात, आणि चैत्र-वैशाखात नारळी सप्ताह उभे राहतात. गाव पुन्हा भरल्याचा पहिला पुरावा म्हणजे मंडप. हातात त्या वेळी मुकादमाकडचा हिशेब फिटून उरलेलं जे काही असेल, त्यातूनच पट्टी निघते.

पट्टीचं शास्त्र बघण्यासारखं आहे. घरटी ठराविक रक्कम, नोकरदाराला जास्त, बाहेरगावी राहणाऱ्याला आठवणीने फोन. एकेका दिवसाची पंगत एकेका घराण्याकडे किंवा भावकीकडे. कीर्तनकाराचं मानधन कुणाच्या तरी वडिलांच्या पुण्यस्मरणार्थ. मंडपवाला, साउंडवाला, जनरेटर यांचे पैसे सामाईक पट्टीतून. हे सगळं तालुक्याच्या छापखान्यात छापलेल्या पत्रिकेवर येतं. नावांचा क्रम चुकला की रुसवेफुगवे ठरलेले. माझ्या मते सप्ताहातलं सगळ्यात अवघड काम ही पत्रिका लिहिण्याचं. सप्ताह उठला की पारावर हिशेब वाचला जातो. शिल्लक उरली तर पातेली, जाजम, टाळांचे जोड घेतले जातात आणि वर्षभर गावातल्या लग्ना-दहाव्याला तीच भांडी वापरतात. तूट आली तर खजिनदार स्वतःच्या खिशातून भरतो आणि पुढच्या वर्षापर्यंत ऐकवत राहतो. याला लेखापरीक्षण म्हणत नाहीत, पण कुणाचे अकराशे राहिले हे अख्ख्या गावाला पाठ असतं.

मग सरकार यात कुठे? आहे, आणि बऱ्यापैकी आहे. खेड्यात ते सभामंडपाच्या रूपाने येतं. आमदार निधीतून देवळापुढे सभामंडप हा बीडमधल्या कुठल्याही पक्षाच्या आमदाराचा आवडता प्रकार. वर नावाची पाटी, खाली फरशी. गडांना तीर्थक्षेत्र विकासातून रस्ते आणि भक्तनिवास. म्हाताऱ्या कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आता तिचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. जिल्ह्यातून वर्षाला 100 जणांची निवड, आणि एप्रिल 2024 पासून सगळ्यांना सरसकट महिना 5000 रुपये. त्याआधी अ, ब, क अशा श्रेण्या होत्या. तुकारामांचे अभंग म्हणत आयुष्य काढलेल्या माणसाला क श्रेणी का, हे त्याला कुणी समजावून सांगू शकत नव्हतं, तेव्हा श्रेण्या गेल्या ते बरं झालं. अडचण वेगळीच आहे. पंधरा-वीस वर्षं कला केल्याचा पुरावा जोडायचा कुठून? भजन्याकडे पत्रिकांचं गाठोडं असलं तर ठीक, नाहीतर सरपंचाचा दाखला. 2024 च्या आषाढीला दिंड्यांना प्रत्येकी 20 हजार रुपये जाहीर झाले, 2025 च्या गणेशोत्सवात राज्यातल्या 1800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25 हजार. पेटी-मृदंगाची सोय होते एवढ्यात. पण अर्ज ऑनलाइन, आणि अखंड विणा धरणाऱ्या मंडळांपैकी नोंदणी केलेली किती?

शहरी बाजू अगदीच रिकामी नाही. 2009 मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बीडला झालं, अध्यक्ष रामदास कामत. गेवराईचे नंदू माधव, माजलगावचा संदीप पाठक ही या मातीतली नटमंडळी. मात्र त्यांना नट म्हणून उभं राहायला जिल्हा सोडावा लागला. अंबाजोगाईचं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. यशवंतराव चव्हाण 25 नोव्हेंबर 1984 ला गेले. त्यांच्या स्मृतीत भगवानराव लोमटे यांनी तिथे समारोह सुरू केला, दर वर्षी 25 नोव्हेंबरपासून तीन दिवस. त्यात शास्त्रीय गाणं असतं, कविसंमेलन असतं आणि शेतकऱ्यांची परिषदही असते. तालुक्याच्या गावात चाळीस वर्षं ख्याल गायन ऐकणारा श्रोता तयार होतो तो असा. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या गावाला हे शोभतं, पण परंपरा आपोआप टिकत नाही, दर नोव्हेंबरला कुणालातरी दारोदार फिरावं लागतं.

सप्ताहाची बाजू घेताना त्याचे दोष झाकायचं कारण नाही. नावाजलेल्या कीर्तनकारांच्या तारखा मिळेनाशा झाल्या आहेत आणि मानधनाचे आकडे असे वाढलेत, की लहान गावं एका रात्रीच्या नावासाठी उरलेल्या सहा रात्री स्वस्तात उरकतात. यूट्यूबवर चाललेला विनोद मंडपात हमखास येतो, अभंगाचं निरूपण दहा मिनिटांत गुंडाळलं जातं. बायका पारायणाला बहुसंख्य, तरी कीर्तनाला उभी राहिलेली बाई आठवड्यात एखादी, बऱ्याच ठिकाणी तीही नाही. आणि जात. गड कुणाचा, महाराज कुणाचे, हा प्रश्न बीडमध्ये पूर्वीही होता. 2023 नंतरच्या आरक्षणाच्या राजकारणात तो पार ताटापर्यंत आला. नारायणगडावर एक दसरा मेळावा, सावरगावला दुसरा, आणि गडांच्या सप्ताहांच्या सांगतेला व्यासपीठावर पुढाऱ्यांच्या खुर्च्या. कोणत्या गावाची भाकरी आली आणि कोणत्या गावाची नाही, हे लोक आता मोजू लागलेत. वाडीवस्तीवरचे छोटे सप्ताह यातून बरेचसे वाचले आहेत, कारण तिथे पहाऱ्याच्या 84 पाळ्या एका भावकीतून भरतच नाहीत. माळ्याला, मराठ्याला, वंजाऱ्याला, कुंभाराला एकाच कागदावर नाव लिहावं लागतं.

सरकारने यात पैसे घालावेत का, यावर गावात दोन मतं आहेत. जुनी माणसं म्हणतात, सरकारी पैसा आला की पट्टी बंद होईल आणि पट्टी बंद झाली की पहाऱ्याला माणूस मिळणार नाही. तरुण म्हणतात, सभामंडप घेतलाच ना, मग टाळांनी काय घोडं मारलंय? मला तिसरीच गोष्ट सुचवावीशी वाटते. छतं आता पुरेशी झाली. पंधरा-वीस गावांमागे एक मृदंग शिकवणारा माणूस पगारावर नेमावा, आठवड्यातून एकदा प्रत्येक गावात, शाळा सुटल्यावर, मुलींसकट. उसाच्या फडावर आईबापांसोबत न जाता आजीजवळ राहिलेली पोरं सहा महिने गावातच असतात. एप्रिलमध्ये आईबाप परततील तेव्हा काकड्याला मृदंगावर पोरगी बसलेली असेल, आणि तिच्या नावाची पट्टी कुणी टाकायची यावर पारावर वेगळी हुज्जत होईल.