एअर गनची निगा : पावसाळ्याआधी एक तास काढा

शिवाजी पेठेतल्या फर्निचरच्या आणि सोफ्याच्या कारखान्यांत आता हातोडीचा ठोका कमी आणि एअर गनचा ‘टक्-फुस्’ आवाज जास्त ऐकू येतो. गनमुळे कामाचा उरक वाढला यात शंका नाही. पण ऐन लग्नसराईत किंवा ईदच्या तोंडावर गन बंद पडली की विसार घेतलेली ऑर्डर अडकते. अशा वेळी आपले मिस्त्री नशिबाला किंवा मालाला दोष देतात. खरे म्हणजे बंद पडलेल्या गनमध्ये मोडतोड क्वचितच असते. ती कोरडी पडलेली असते, नाहीतर आतून पाण्याने खराब झालेली असते.

पाणी येते कुठून? कॉम्प्रेसरमधून. हवा सात किलोपर्यंत दाबली की तिचे आकारमान सुमारे एक-अष्टमांश होते. तेवढ्या जागेत पहिले सगळे बाष्प मावत नाही, ते टाकीत थंड होऊन पाणी बनते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर हवा आधीच ओली, त्यात रंकाळ्याचा शेजार! हे पाणी पाइपातून गनमध्ये जाते, तेल धुऊन टाकते आणि पिस्टनचा सिलिंडर खराब करते. म्हणून टाकीच्या तळाचा कॉक रोज संध्याकाळी उघडून पाणी काढलेच पाहिजे. जुम्म्याला दुपारी काम थांबते तेव्हा पाइपलाइनवरच्या फिल्टरची वाटीही रिकामी करावी. फिल्टर बसवलाच नसेल तर आधी तो बसवावा, नवी गन नंतर घ्यावी.

तेलाचे म्हणाल तर रोज सकाळी हवा येण्याच्या तोंडात दोन-तीन थेंब पुरेत. एअर टूलचे पातळ तेल वापरावे. गाडीचे इंजिन ऑइल घट्ट पडते, आणि रॉकेल किंवा थिनर ओतणे म्हणजे रबरी ओ-रिंगचा घात. प्रेशर एफ-३० सारख्या पिन गनला साधारण ६० ते १०० पीएसआय लागते. पिन आत बसत नाही म्हणून प्रेशर चढवत नेणे ही आपल्याकडची वाईट सवय आहे. त्याने आतला रबरी बंपर फुटतो आणि दोष जागेवरच राहतो.

दोष कानाने ओळखता येतो. पाइप जोडा आणि ट्रिगर न दाबता ऐका. वरच्या टोपीतून हवा सुटत असेल तर हेड व्हॉल्व्हची ओ-रिंग गेली. ट्रिगरपाशी फुसफुस असेल तर ट्रिगर व्हॉल्व्ह पाहा. आवाज नाही, पण पिन अर्धवट राहते, असे असेल तर प्रेशर, पिस्टनची ओ-रिंग आणि ड्रायव्हरचे टोक या क्रमाने तपासा. पिन मधूनमधून चुकत असेल तर बहुधा मॅगझिनमध्ये भुसा आणि फेविकॉल साचलेला असतो, किंवा पिन दुसऱ्याच गेजची असते. ओ-रिंगचे किट नव्या गनच्या मानाने फारच स्वस्त पडते. एक किट कपाटात ठेवावेच.

ड्रायव्हर झिजला तर उद्यमनगरात तसाच घडवून मिळतो, तिथल्या कारागिरांचा हात कोणी धरू शकत नाही. मात्र पोलाद कडक करून, मग योग्य तेवढे नरमावून घ्या असे बजावून सांगा. नुसत्या लोखंडाचा ड्रायव्हर थोड्याच दिवसांत टोकाला पसरतो आणि नळीत अडकतो.

गन उघडण्याआधी पाइप काढावा, मग मॅगझिन रिकामे करावे. पाइप लावून अडकलेली पिन काढताना बोटात पिन घुसते. नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवा. पुढच्या सेफ्टीला तार बांधून गन चालवणेही बंद करा. आणि कॉम्प्रेसर बिघडला म्हणून शेजारच्या वेल्डरचा ऑक्सिजन सिलिंडर कधीही जोडू नका. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की गन हातातच फुटू शकते.

गॅस गनची तऱ्हा वेगळी. पासलोड कंपनीने १९८६ साली ती बाजारात आणली. आपल्याकडे ती मुख्यतः फॉल्स सीलिंगच्या कामात दिसते. तिच्यात गॅसचा ठराविक डोस ठिणगीने पेटतो आणि पिस्टन ढकलतो. त्यामुळे आत काजळी धरते. गन आधी दोनदा-तीनदा चुकते, मग पेटेनाशी होते. बॅटरी आणि गॅसची डबी काढून एअर फिल्टरचा स्पंज, ज्वलनकक्ष आणि स्पार्कचे टोक तिच्याच क्लीनरने साफ करावे, पूर्ण वाळू द्यावे, मग कंपनीच्या तेलाचे थेंब द्यावेत. डबीवरची मुदत पाहूनच ती घ्यावी. जुन्या डबीत दाब राहत नाही आणि लोक गनला नावे ठेवतात.

डबी उन्हात किंवा टेम्पोच्या केबिनमध्ये ठेवू नये. रिकाम्या डबीतही थोडा गॅस उरतो. कारखान्यातला भुसा आणि लाकडाचे तुकडे आपल्याकडे बंबासाठी घरोघर जातात. त्या पोत्यात चुकून डबी गेली नाही ना, हे मालकाने स्वतः पाहावे.