संगणकांची निरोपभाषा

अनेक हात लागले म्हणजे काम हलकें होतें, हें खरें. परंतु कोणीं कोणास काय व केव्हां कळवावें हें आधीं ठरलेलें नसेल, तर हात जितके अधिक तितका घोटाळा अधिक. शेंकडों संगणक एकाच कामास जुंपणाऱ्या विद्वानांस हीच अडचण पडली. ती त्यांनीं एकत्र बसून कशी दूर केली, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हवामानाचें उदाहरण घेऊं. उद्यां पाऊस पडेल काय, हें गणितानें काढावयाचें तर नकाशाचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकांतील उष्णता, वारा व आर्द्रता यांचा हिशेब करावा लागतो. हें सारें एकाच संगणकावर सोंपविलें, तर उद्यांचें भाकीत परवां हातीं यावयाचें! म्हणून चौकोन अनेक संगणकांस वांटून देतात. पण नागपूरचें आकाश वर्ध्याच्या आकाशापासून तुटलेलें नाहीं. नागपूरचा हिशेब करणाऱ्यास वर्ध्याच्या सीमेवरील आंकडे हवेतच. आणि प्रत्येकाची स्मृति स्वतंत्र असल्यामुळें एकाच्या पाटीवरचें दुसऱ्यास दिसत नाहीं. तेव्हां गणिताच्या पायरीपायरीस शेजाऱ्यांनीं एकमेकांस निरोप धाडावे, हाच उपाय. यांतही सावधगिरी लागते. “तुझा निरोप आल्यावांचून मी माझा धाडणार नाहीं,” असें दोघेही म्हणूं लागले, तर दोघेही वाट पाहत बसतात आणि सारें काम खोळंबतें.

या विद्येशीं आपल्या प्रांताचा निकट संबंध आहे. अमेरिकेनें भारतास हवा तो महासंगणक देण्याचें नाकारल्यावर १९८८ सालीं पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली. तिचे धुरीण डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे, व नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९९१ सालीं सिद्ध झालेल्या ‘परम ८०००’ मध्यें ‘ट्रान्सप्युटर’ नांवाचे अनेक लहान संगणक जोडलेले होते. प्रत्येकास स्वतःची स्मृति, आणि इतरांशीं बोलण्यास चार वाटा.

परंतु त्या काळीं निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांची निरोपभाषा निरनिराळी होती. एकासाठीं लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालेना. यंत्र बदललें कीं तेच श्रम पुन्हां. यावर तोड काढण्यासाठीं एप्रिल १९९२ मध्यें अमेरिकेंतील विल्यम्सबर्ग येथें परिषद भरली. पुढें १९९३ सालीं नऊ महिनेपर्यंत, दर सहा आठवड्यांनीं, सभासद भेटत राहिले. सुमारें चाळीस संस्थांच्या साठएक लोकांनीं यांत भाग घेतला. त्यांत विद्यापीठांतील पंडित होते, तसेच एकमेकांशीं स्पर्धा करणारे यंत्रनिर्मातेही होते. कोणा एकाची भाषा इतरांवर न लादतां त्यांनीं प्रत्येकींतील उत्तम अंश घेतला, आणि १९९४ सालीं ‘मेसेज पासिंग इंटरफेस’ ही नियमावलि प्रसिद्ध केली.

तींत शंभराहून अधिक आज्ञा आहेत. पण साध्या कामास सहा पुरतात : आरंभ कर, आपण किती जण आहोंत तें सांग, माझा क्रमांक सांग, धाड, घे, आणि समाप्त कर. पुढें ही भाषा वापरणाऱ्यांचे मेळावे युरोपांत भरूं लागले. समांतर गणनेची आंतरराष्ट्रीय परिषद २००५ सालीं गोव्यांत व २०१२ सालीं पुण्यासही झाली. नियमावलीची पांचवी आवृत्ति २०२५ सालीं निघाली.

ही भाषा कोणत्याही सरकारनें सक्तीची केली नाहीं. उपयोगाची वाटली म्हणून ती सर्वांनीं स्वीकारली. २०२४ सालीं पुण्याच्या हवामान संस्थेंत ‘अर्क’ नांवाचा महासंगणक सुरू झाला. पेरणीपूर्वीं विदर्भांतील शेतकरी पावसाचा जो अंदाज ऐकतो, त्यामागें अशाच यंत्रांनीं एकमेकांस धाडलेले असंख्य निरोप असतात. आणि त्या निरोपांमागें, आपलाच हट्ट न धरतां एका मेजाभोंवतीं बसलेल्या माणसांचा समंजसपणा.