ड्रोन, भिंत आणि चुकलेला ठिपका

मोठ्या पृष्ठभागावर चित्र उतरवणे हा आधी जागेचा प्रश्न असतो आणि मग रंगाचा. लहान कागदावरील चित्राचा कोणता भाग भिंतीवर नेमका कोठे येणार, हे ठरल्याशिवाय कुंचला टेकवता येत नाही, कारण भिंतीला खेटून उभ्या असलेल्या माणसाला हातभर अंतरापलीकडचे चित्र दिसतच नाही. मुंबईत चित्रपटांचे फलक हाताने रंगवले जात, त्या काळी पेंटर मंडळी मूळ छायाचित्रावर चौकटी आखत, तितक्याच चौकटी वाढवलेल्या मापाने फलकावर आखत आणि परांचीवर चढून एकेक चौकट भरत. ड्रोनने भिंतीवर चित्र छापण्याच्या तंत्रात परांची जाते आणि पेंटरचा हातही जातो. जागेचा प्रश्न मात्र राहतो, आणि रंगवणारे यंत्रच हवेत तरंगत असल्यामुळे तो अधिक बिकट होतो.

यंत्राकरवी भिंत रंगवण्याची कल्पना ड्रोनहून जुनी आहे. युर्ग लेनी आणि उली फ्रँके यांनी २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘हेक्टर’ नावाचे यंत्र तयार केले. भिंतीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन मोटारी, त्यांना जोडलेले दोन दाते असलेले पट्टे आणि त्या पट्ट्यांवर लटकणारा रंगाचा स्प्रे कॅन, एवढाच त्याचा संसार होता. मोटारींमधील अंतर ठाऊक असते आणि पट्ट्यांची लांबी मोटारीच ठरवतात. त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की त्याचा खालचा शिरोबिंदू, म्हणजे कॅनची जागा, शालेय भूमितीनेही सांगता येते. हेक्टरला आपण कोठे आहोत हे शोधावे लागत नाही. ड्रोनला मात्र तेच प्रत्येक क्षणी शोधावे लागते.

साध्या उपग्रह-दिशादर्शनात काही मीटरांची चूक सहज होते, आणि तेवढ्या चुकीने चेहऱ्यातील डोळा शेजारच्या खिडकीवर जाऊन बसेल. जमिनीवर ठाऊक जागी बसवलेल्या दुसऱ्या ग्राहक-यंत्राशी तुलना करून ही चूक काही सेंटिमीटरपर्यंत खाली आणता येते; परंतु उंच इमारतीजवळ आकाशाचा मोठा भाग झाकला जातो, उपग्रहांचे संकेत भिंतींवर आदळून वाकड्या वाटेने पोहोचतात आणि ऐन गरजेच्या ठिकाणी अचूकता ढासळते. बंदिस्त प्रयोगशाळेत यावर उपाय असतो: खोलीत चहूबाजूंनी बसवलेले कॅमेरे ड्रोनवरील लहान परावर्तक खुणा टिपतात आणि त्यांवरून ड्रोनचे स्थान जवळजवळ मिलिमीटरच्या अचूकतेने काढले जाते. या पद्धतीला ‘मोशन कॅप्चर’ म्हणतात.

स्थान कळले तरी स्थिर राहणे ही वेगळीच अडचण आहे. ड्रोन पंख्यांनी हवा खाली ढकलून तरंगतो. भिंतीजवळ त्या हवेला एका बाजूने मोकळी वाट मिळत नाही, प्रवाह असमान होतो आणि यंत्र डोलू लागते. हाच वारा रंगाचे तुषार उधळू शकतो, म्हणून फवाऱ्याचे तोंड पंख्यांच्या पुढे काढलेल्या दांड्यावर बसवावे लागते, आणि दांडा जितका लांब तितका तोल पुढे झुकतो. फवारा सुटताना यंत्राला मागे हलका रेटा बसतो, तर रंग संपत जाईल तसे त्याचे वजन घटते, त्यामुळे उड्डाणाच्या आरंभी जुळवलेले नियंत्रण शेवटी तंतोतंत लागू पडत नाही. त्यात बॅटरी मिनिटांच्या हिशेबात चालते.

या अडचणींकडे सर्वांत विचारपूर्वक पाहिले ते कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाच्या पॉल क्राय यांच्या गटाने. २०१६ साली त्यांनी मांडलेल्या प्रयोगात फवारा नव्हता. अगदी हलक्या, तळहातावर मावणाऱ्या ड्रोनला पुढे शाईत भिजवलेला स्पंजाचा तुकडा लावला होता, आणि ड्रोन कागदाकडे झेपावून एकेक ठिपका उमटवी. रेषा ओढायची तर सतत योग्य जागी राहावे लागते. ठिपक्यासाठी एका क्षणाची अचूकता पुरते. अस्थिर हाताला झेपेल अशी चित्रभाषा आधी निवडायची आणि मग यंत्र सुधारायचे, हा क्रम त्या प्रयोगातील खरी हुशारी म्हटली पाहिजे.

छायाचित्राचे ठिपके करण्यासाठी या गटाने ‘व्होरोनॉय आकृती’ ही गणिती रचना वापरली. पृष्ठभागावर काही बिंदू पसरले, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला असा प्रदेश येतो, ज्यातील कोणत्याही जागेला इतर बिंदूंपेक्षा तोच बिंदू सर्वांत जवळचा असतो. मूळ चित्रातील काळेपणाला वजन मानून प्रत्येक बिंदू आपल्या प्रदेशाच्या गुरुत्वमध्याकडे सरकवायचा, प्रदेश पुन्हा आखायचे, आणि हे वारंवार करायचे; होता होता केसांच्या किंवा सावलीच्या भागात ठिपके दाटतात, कपाळावर ते विरळ होतात आणि दुरून पाहणाऱ्याला चेहरा दिसू लागतो. पुढचा प्रश्न क्रमाचा. शेकडो ठिपक्यांना भेट देण्याचा सर्वांत आखूड मार्ग कोणता, हा गणितातील ‘फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न’ होय, आणि त्याचे बिनचूक उत्तर काढणे संगणकालाही जड जाते. म्हणून कामचलाऊ पण झटपट उत्तर स्वीकारले गेले. शाईचा हिशेबही त्यात धरावा लागला, कारण स्पंज भरलेला असताना ठिपका मोठा उमटतो आणि प्रत्येक स्पर्शागणिक तो ठरावीक प्रमाणात लहान होत जातो. शाईची ही घट गणितात बसवल्यामुळे कोणत्या आकाराचा ठिपका उड्डाणात केव्हा मिळेल, हे आधीच सांगता येते.

तरीही ठिपका चुकतोच. रेडिओ-संदेशात अडथळा येतो, कॅमेऱ्याने मोजलेले स्थान नियंत्रकापर्यंत पोहोचेतो ड्रोन थोडा पुढे गेलेला असतो. मॅकगिलच्या गटाने चुकलेला ठिपका पुसण्याचा विचार केला नाही. तो जेथे पडला तेथेच चित्राचा भाग मानला आणि उरलेल्या ठिपक्यांच्या जागा त्यानुसार बदलल्या. एखादा ठिपका गालावर जास्तीचा पडला तर त्याचे शेजारी थोडे दूर सरकतात, आणि एकूण छटा तीच राहते. कसलेला चित्रकार सांडलेल्या रंगाचा उपयोग करून घेतो तो अनुभवाच्या बळावर. येथे तेच काम प्रत्येक ठिपक्यानंतर पुन्हा केलेल्या गणनेने साधले.

प्रयोगशाळेबाहेरची उदाहरणे अधिक गाजली, पण ती सगळीच ‘छपाई’ या शब्दाला पात्र नाहीत. २०१५ साली न्यूयॉर्कमधील कात्सु या टोपणनावाच्या भित्तिचित्रकाराने मॅनहॅटनमधील एका प्रचंड जाहिरात-फलकावरील चेहऱ्यावर ड्रोनने लाल रंगाची गिचमीड केली. ती फवारणी गिचमीडच राहिली, कारण ड्रोन हाताने उडवला जात होता. मात्र माणसाचा हात पोहोचत नाही अशा उंचीवरचा फलकही आता सुरक्षित नाही, हे त्या एका कृतीने जाहिरातदारांना कळले.

इटलीतील तुरिन शहरात वास्तुरचनाकार कार्लो रात्ती यांच्या गटाने २०१९ साली याच्या उलट टोकाचा प्रयोग केला. नागरिकांकडून रेखाटने मागवली गेली, त्यांतील निवडक एकत्र गुंफली गेली आणि सुमारे १४ मीटर लांब व १२ मीटर उंच पृष्ठभागावर चार ड्रोनांनी ती एका मध्यवर्ती संगणकाच्या आज्ञेने फवारली. चित्र म्हणून त्याची थोरवी वादाची ठरेल. परंतु अनेक लोकांची रेखाटने अनेक यंत्रांत वाटून एकाच भिंतीवर उतरवणे ही व्यवस्थापनाची कामगिरी होती आणि तिचे मोल तेथेच आहे.

बॅटरी आणि रंग यांची मर्यादा ओलांडण्याचा सरळ मार्ग म्हणजे ड्रोनला जमिनीशी बांधून ठेवणे. डिस्ने कंपनीच्या संशोधन विभागाने झुरिच येथे विकसित केलेल्या ‘पेंटकॉप्टर’मध्ये, ज्याचे वर्णन २०१८ साली प्रसिद्ध झाले, वीज आणि रंग दोन्ही नळ्या-तारांतून खालून पुरवले जातात, त्यामुळे यंत्र दीर्घकाळ काम करू शकते. त्याची फवारणीची बंदूक आडवी-उभी वळू शकणाऱ्या बैठकीवर बसवलेली आहे. आधी पृष्ठभागाचे त्रिमितीय प्रारूप तयार केले जाते, त्यावर रंगकाम कसे दिसावे हे संगणकावर ठरते, आणि मगच ड्रोन उडतो. म्हणून सपाट भिंतीपुरते मर्यादित न राहता उंचसखल, वळणदार पृष्ठभागही त्याला रंगवता येतो. अर्थात नळी ओढत उडणारा ड्रोन मनमोकळा फिरू शकत नाही, आणि नळीचे वजन उंचीबरोबर वाढत जाते.

भारतात असे काम करायचे तर ड्रोन नियम, २०२१ लागू होतात. त्यांत वजनानुसार पाच वर्ग आहेत, आणि रंगाच्या भारासह २ किलोच्या वर गेलेले यंत्र ‘लहान’ या २५ किलोपर्यंतच्या वर्गात मोडते, ज्यासाठी नोंदणी आणि चालकाचे प्रमाणपत्र लागते. आकाशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागलेला असून विमानतळाच्या आसपास उड्डाणाला मुभा नसते किंवा पूर्वपरवानगी घ्यावी लागते. मुंबईचा विमानतळ उपनगरांच्या मधोमध असल्यामुळे तेथील अनेक भिंतींच्या बाबतीत रंग कोणता, यापूर्वी परवानगी मिळेल काय, हे पाहावे लागेल.

या तंत्राला पैसा मिळण्याची शक्यता चित्रांपेक्षा साध्या एकरंगी लेपाच्या कामात अधिक दिसते. तेलाच्या टाक्या, पूल, उंच धुराडी आणि जहाजांच्या बाजू यांना गंजरोधक लेप द्यावाच लागतो, तेथे माणूस दोरावर लटकतो आणि जीव धोक्यात घालतो. शिवाय अशा लेपात बोटभर चूक खपून जाते, कारण फवाऱ्याचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवले की फट राहत नाही. चेहऱ्याच्या चित्रात तीच बोटभर चूक ओठाचा कोपरा वर नेते, आणि तेथे पुन्हा मॅकगिलच्या ठिपक्यांसारखी, प्रत्येक चुकीनंतर स्वतःला जुळवून घेणारी योजना लागते, जी उघड्या वाऱ्यात आणि मोशन कॅप्चरच्या कॅमेऱ्यांविना चालवून दाखवणे हे अजून कठीण काम आहे.