ध्वनिमुद्रणाचा वेग मंदावणे (गिटारवादन)

ध्वनिमुद्रणाचा वेग मंदावणे ही ध्वनिमुद्रित संगीत मूळ लयीपेक्षा संथ गतीने ऐकून त्यातील स्वर ओळखण्याची व ते वाजवण्यास शिकण्याची पद्धत आहे. रॉक, ब्लूज व जॅझ संगीतातील गिटारचे सोलो शिकण्यासाठी ती विशेष प्रचलित आहे. हे सोलो बहुधा स्वरलिपीत लिहून वाजवलेले नसतात. त्यामुळे ध्वनिमुद्रण हाच त्यांचा मूळ आधार ठरतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्यावर चार स्वर वाजवल्यास सेकंदाला आठ स्वर येतात व प्रत्येक स्वराच्या वाट्याला केवळ एक अष्टमांश सेकंद येतो. वेग निम्मा केल्यास हा अवधी पाव सेकंद होतो आणि स्वर सुटे ऐकू येऊ लागतात.

वेग आणि स्वराची उच्चनीचता

तबकडी किंवा ध्वनिफीत हळू फिरवली की कंपनेही त्याच प्रमाणात मंदावतात व स्वर खाली उतरतो. वेग नेमका निम्मा केल्यास प्रत्येक स्वराची कंपनसंख्या निम्मी होते आणि संपूर्ण संगीत एक सप्तक खाली जाते. अशा वेळी स्वरांची नावे बदलत नाहीत. त्यामुळे गिटार पुन्हा जुळवावी लागत नाही व शिकणाऱ्याला एक सप्तक वर वाजवून ताडून पाहता येते.

इतर प्रमाणांत अडचण येते. मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी ३३⅓ फेऱ्यांवर लावल्यास वेग सुमारे ७४ टक्के होतो आणि स्वर पाच अर्धस्वरांहून किंचित अधिक खाली उतरतो. हा स्वर गिटारच्या दोन पडद्यांच्या मधे पडत असल्याने वाद्य वेगळ्या पट्टीत जुळवावे लागते.

इतिहास

तबकडी व ध्वनिफीत

कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी बाजारात आणली. पुढे अनेक घरगुती तबकडीवादकांवर १६⅔ फेऱ्यांचा वेगही उपलब्ध झाला. तो ३३⅓च्या बरोबर निम्मा असल्याने दीर्घ तबकडीवरील सोलो एक सप्तक खाली, निम्म्या वेगाने ऐकता येत असे. मात्र तोच भाग पुनःपुन्हा ऐकण्यासाठी सुई उचलून अंदाजाने मागे ठेवावी लागे व त्यात तबकडी झिजत असे. रीळ असलेल्या ध्वनिमुद्रकांत सेकंदाला ७½ इंच व ३¾ इंच असे वेग असत. मूळ वेगाने मुद्रित केलेली फीत निम्म्या वेगाने वाजवणे त्यामुळे सोपे झाले.

हेच तत्त्व ध्वनिमुद्रण करतानाही उलट दिशेने वापरले गेले. लेस पॉल यांच्या ‘लव्हर’ (१९४८) या ध्वनिमुद्रिकेतील काही गिटार निम्म्या वेगाने मुद्रित केल्या होत्या. बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ (१९६४) या गाण्यातील सोलोसाठी जॉर्ज हॅरिसन यांची गिटार व जॉर्ज मार्टिन यांचा पियानो फीत निम्म्या वेगाने चालवून मुद्रित करण्यात आले. असे ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने ऐकल्यास वादकाने प्रत्यक्ष वाजवलेली लय समोर येते.

वेग व स्वर यांची फारकत

स्वर न उतरवता वेग बदलण्याचे प्रयत्न प्रथम भाषणाच्या संदर्भात झाले. इलिनॉय विद्यापीठातील ग्रँट फेअरबँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये फिरत्या शीर्षांच्या ध्वनिफीत यंत्राद्वारे हे साधण्याची पद्धत मांडली. १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील जेम्स फ्लॅनगन व आर. एम. गोल्डन यांनी ‘फेज व्होकोडर’चे वर्णन केले. ही गणिते पुरेशा वेगाने करणारे घरगुती संगणक आल्यानंतर, १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून, ‘अमेझिंग स्लो डाउनर’ व ‘ट्रान्सक्राइब!’ यांसारख्या खास संगणक प्रणाली वादकांमध्ये रुळल्या. टास्कॅम कंपनीने गिटारवादकांसाठी सीडी संथ वाजवणारे स्वतंत्र यंत्रही काढले. ‘ऑडॅसिटी’ या मुक्त प्रणालीत ही सोय विनामूल्य मिळते. यूट्यूबवरही चित्रफितीचा वेग पाव पटीपर्यंत कमी करता येतो.

कार्यपद्धती

पहिल्या पद्धतीत ध्वनीचे काही सहस्रांश सेकंदांचे तुकडे केले जातात आणि ते एकमेकांवर अंशतः चढवून, काही भागांची पुनरावृत्ती करत, अधिक अंतराने मांडले जातात. प्रत्येक तुकड्यातील कंपने मूळचीच राहत असल्याने स्वर बदलत नाही. जोड बेमालूम व्हावा म्हणून लगतच्या तुकड्यांतील लहरींचे आकार जुळवून पाहिले जातात. वेग फार कमी केल्यास ढोलाचा एकच आघात दोनदा ऐकू येतो, हा या पद्धतीचा दोष होय.

फेज व्होकोडर पद्धतीत ध्वनीचे निरनिराळ्या कंपनसंख्यांत पृथक्करण करून प्रत्येक घटक काळात ताणला जातो व पुन्हा एकत्र केला जातो. यात दीर्घ स्वर सुरेख टिकतात, परंतु तार छेडल्याचा आरंभीचा टणत्कार पसरट होतो व ध्वनीला घुमल्यासारखा पोत येतो.

उपयोग

प्रचलित साधनांत वेग कमी करण्यासोबत निवडलेला भाग आपोआप पुनःपुन्हा वाजवण्याची आणि पट्टी वर-खाली करण्याची सोय असते. जिमी हेंड्रिक्स व स्टीव्ही रे व्हॉन हे अनेकदा गिटार अर्धा स्वर खाली जुळवत. त्यांचे ध्वनिमुद्रण अर्धा स्वर वर चढवले की शिकणाऱ्याला आपली गिटार उतरवावी लागत नाही.

इतर वाद्यांच्या गर्दीतून गिटार वेगळी काढण्यासाठी डावी किंवा उजवी बाजू स्वतंत्रपणे ऐकता येते. ‘व्हॅन हेलेन’ (१९७८) या संग्रहात गिटार प्रामुख्याने डाव्या बाजूस असल्याने हा उपाय तेथे उपयोगी पडतो. डीझर कंपनीने २०१९ मध्ये खुली केलेली ‘स्प्लीटर’ ही प्रणाली गायन, तालवाद्ये, बेस व पियानो वेगळे करते. गिटार मात्र त्यात ‘इतर’ या उरलेल्या भागात राहते.

साधारणतः सोलो प्रथम मूळ वेगाने अनेकदा ऐकला जातो, मग दोन-चार स्वरांचे तुकडे संथ करून ओळखले जातात आणि सराव करताना वेग टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. वाजवण्याआधी सोलो गाऊन दाखवण्यावर काही शिक्षक भर देतात. जॅझ पियानोवादक लेनी ट्रिस्टानो आपल्या विद्यार्थ्यांकडून ध्वनिमुद्रित सोलो गाऊन घेत असत.

मर्यादा

संथ ध्वनी स्वर कोणता हे सांगतो, पण तो कोठे वाजवला हे सांगत नाही. पहिल्या मोकळ्या तारेचा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या व पाचवीच्या एकोणिसाव्या पडद्यावरही मिळतो. तारेचा पोत, घसीट आणि आधीच्या-नंतरच्या स्वरांची सोय यांवरून जागा ठरवावी लागते.

तार खेचून मींडेप्रमाणे चढवलेला स्वर संथ गतीत टप्प्याटप्प्याने ऐकू येतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. मात्र निम्म्या वेगात स्वराचे आंदोलनही निम्म्या गतीचे होते. सेकंदाला सहा वेळा होणारे आंदोलन तीन वेळा ऐकू येते आणि त्याचीच नक्कल केल्यास मूळ वेगात वादन ढिले वाटते. छेडलेल्या स्वराचा विरण्याचा काळही कृत्रिमरीत्या लांबतो. ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळण्याची वादकाची लकब संथ गतीत मोजता येते, परंतु तिचा परिणाम मूळ लयीतच जाणवतो. म्हणून स्वर ओळखून झाल्यावर आघात, आंदोलन व लयीची ठेवण पूर्ण वेगाच्या ध्वनिमुद्रणाशी पुन्हा ताडून पाहणे आवश्यक ठरते.