रूट कॅनल केलेली दाढ पुन्हा का दुखते?

“नस मारली, कॅपही बसवली, मग दाढ दुखते कशी?” हा प्रश्न अनेक घरांत ऐकू येतो. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, “काढूनच टाका.” पण घाई करू नका. कदाचित दाढेतली एक नळी साफ व्हायची राहिली असेल.

वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला सहसा तीन मुळे असतात. मात्र गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा दोन नळ्या असतात. दुसरीचे तोंड अगदी बारीक, दाताच्याच थराखाली झाकलेले असते. साध्या एक्स-रेमध्ये या नळ्या एकामागे एक येतात, त्यामुळे दुसरी दिसत नाही. म्हणून ती राहून जाणे म्हणजे दर वेळी निष्काळजीपणाच, असे नाही.

राहिलेल्या नळीत जंतू वाढतात आणि मुळाच्या टोकातून हाडाला संसर्ग होतो. चावताना ठणका लागतो, हिरडीवर पुवाची पुळी येते. गोळ्यांनी सूज उतरते, पण मेलेल्या नसेच्या नळीत रक्त पोहोचत नाही. त्यामुळे औषधही तिथे पोहोचत नाही. गोळ्या संपल्या की दुखणे परत येते.

फेर-उपचारात कॅप काढून आधीचे भरण उकरून काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली किंवा सीबीसीटी या त्रिमितीय एक्स-रेच्या मदतीने राहिलेली नळी शोधतात, सगळ्या नळ्या धुऊन पुन्हा भरतात आणि नवी कॅप बसवतात. यश मिळण्याची शक्यता चांगली असते, पण हमी नसते. मूळ उभे चिरले असेल तर दाढ काढणेच योग्य.

भंडाऱ्याहून साधारण 60 किलोमीटरवर, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तिथे दात वाचवण्याच्या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना जुने एक्स-रे आणि कागदपत्रे न्या. “किती नळ्या भरल्या आहेत? एखादी राहिली आहे का?” असे मोकळेपणाने विचारा.

दोन-तीन फेऱ्या लागू शकतात, म्हणून शक्यतो रमजानपूर्वीच वेळ घ्या. पण ताप आला, तोंड उघडेना, गिळताना त्रास झाला किंवा सूज मानेकडे सरकली, तर ईदची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. काढलेली दाढ मात्र पुन्हा उगवत नाही.